दुसऱ्या भागाचा पैसा कुठे जातो?

स्वस्तात बनलेला एखादा भयपट अनपेक्षितपणे चालला की त्याच्या दुसऱ्या भागाची घोषणा व्हायला फार दिवस लागत नाहीत. तो पडला की परीक्षणांत ठरलेली वाक्यं येतात. दिग्दर्शकाला पहिल्याची जादू कळली नाही, कथेत दम नव्हता, भीतीच वाटली नाही. वाक्यं बहुधा खरीच असतात, पण त्यांतून काही शिकता येत नाही. चित्रपट कुठे बिघडला हे बघायचं असेल तर दोन वह्या उघडाव्या लागतात, एक खर्चाची आणि एक वेळापत्रकाची. पहिल्या भागातली भीती ज्या अडचणींतून आली होती, नेमक्या त्याच अडचणी दूर करण्यावर दुसऱ्या भागाचा पैसा खर्च झालेला दिसतो. आणि पहिल्या भागाला भरपूर मिळालेली एकच गोष्ट, म्हणजे वेळ, ती दुसऱ्याला कुणी दिलेली नसते.

याचं सर्वांत उघडं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ‘बुक ऑफ शॅडोज : ब्लेअर विच २’, २७ ऑक्टोबर २०००. बजेट सुमारे दीड कोटी डॉलर. हॉलिवूडच्या मानाने हा लहान चित्रपट. पण ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या पहिल्या भागाच्या चित्रीकरणाचा खर्च ३५ ते ६० हजार डॉलरच्या घरात सांगितला जातो, त्याच्या हा किमान अडीचशे पट. जगभरची कमाई पहिल्याची सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर, दुसऱ्याची पावणेपाच कोटींच्या आसपास. दुसऱ्याला वर्षातला सर्वांत वाईट रिमेक किंवा सिक्वेल म्हणून ‘गोल्डन रॅस्पबेरी’ हा थट्टेचा पुरस्कार मिळाला. कमाईच्या हिशेबाने कागदावर तो बुडालाही नाही. तरी या नावाचा धंदा त्याने पंधरा-सोळा वर्षं बंद पाडला.

पहिला चित्रपट कसा बनला हे आता सगळ्यांना तोंडपाठ असल्यासारखं बोललं जातं, पण ‘हातातला कॅमेरा हलवला आणि झालं’ एवढंच लोकांच्या लक्षात असतं. प्रत्यक्षात ती फार काटेकोर योजना होती. चेटकिणीवर माहितीपट करायला जंगलात गेलेले तीन विद्यार्थी बेपत्ता होतात आणि त्यांचं फुटेज तेवढं सापडतं, अशी गोष्ट. दिग्दर्शक डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये मेरीलँडच्या जंगलात आठ दिवस चित्रीकरण केलं. कॅमेरे दोन, एक १६ मिमीचा आणि एक हाय-एट व्हिडिओ कॅमकॉर्डर. दोन्ही नटांच्याच हातात. संवाद लिहिलेले नव्हते. जीपीएसवर ठिकाणं ठरवून दिलेली होती. तिथे पोचलं की फिल्मच्या डब्यांत प्रत्येक नटासाठी वेगळी चिठ्ठी. एकाला दिलेली सूचना दुसऱ्याने वाचायची नाही. दिवसागणिक खाण्याचा शिधा कमी केला जाई. रात्री दिग्दर्शक आणि त्यांची माणसं तंबूभोवती आवाज करत, ध्वनिमुद्रित केलेले मुलांचे आवाज वाजवत, तंबू हलवत. नट दचकत ते बऱ्याचदा खरोखर दचकत, कारण त्या रात्री काय होणार हे त्यांना ठाऊकच नसे.

या सगळ्याचं मूळ एका नियमात आहे. पडद्यावरच्या माणसाला प्रेक्षकापेक्षा जास्त माहिती नसायची. कॅमेरा नटाच्या हातात असल्यामुळे चित्रचौकटीबाहेर काय आहे हे दाखवायची सोयच नव्हती. चेटकीण दाखवायला पैसे नव्हते हे खरं, पण पैसे असते तरी या नियमाने ती दाखवता आली नसती. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. मग हातात आलं सुमारे वीस तासांचं फुटेज आणि त्यातून ८१ मिनिटं काढायला महिनोन् महिने गेले. चित्रीकरण ऑक्टोबर १९९७, सनडान्स महोत्सवातला खेळ जानेवारी १९९९. मधले पंधरा महिने. आठ दिवसांच्या चित्रीकरणामागे पंधरा महिने, हा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सनडान्समध्ये आर्टिझन या वितरण कंपनीने चित्रपट सुमारे ११ लाख डॉलरना घेतला. त्यानंतरची प्रसिद्धी स्वस्त मुळीच नव्हती. मूळ खर्चाच्या शेकडो पट पैसा तिथे ओतला गेला. पण तो हुशारीने ओतला. संकेतस्थळावर बेपत्ता विद्यार्थ्यांची माहिती, पोलिसी वाटावेत असे फोटो, टीव्हीवर एक खोटा माहितीपट. आणि प्रदर्शन? जुलै १९९९ च्या मध्याला फक्त २७ चित्रपटगृहांत. दोन आठवड्यांनी, ३० जुलैला, अकराशेच्या आसपास. त्या दोन आठवड्यांत चित्रपटाची अफवा झाली. तिकीट न मिळालेल्या माणसाने पाहून आलेल्याला विचारावं, ‘हे खरं आहे का?’ आणि त्याने ठाम उत्तर देऊ नये, अशी व्यवस्था होती ती.

आता दुसऱ्याचं वेळापत्रक. पहिला चित्रपट जुलै १९९९ मध्ये गाजला. मायरिक आणि सांचेझ यांना लगेच पुढचा भाग करायचा नव्हता. आर्टिझनला थांबायचं नव्हतं. नावाची किंमत उतरायच्या आत पुढचा हॅलोविन, म्हणजे ऑक्टोबरअखेरचा भुताखेतांचा सण, गाठायचा होता. मग दोघांना कार्यकारी निर्मात्यांच्या यादीत बसवून काम दिलं गेलं जो बर्लिंजर या माहितीपटकाराला. २००० च्या वसंतात चित्रीकरण आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी प्रदर्शन. जुलै १९९९ ते ऑक्टोबर २००० हेही पंधराच महिने. पहिल्याला तेवढा वेळ निव्वळ संकलन करून महोत्सवात पोचायला लागला होता; दुसऱ्याने त्यात दिग्दर्शक शोधायचा, पटकथा लिहायची, नट निवडायचे, नीट ३५ मिमीवर चित्रीकरण करायचं, कापायचं, पुन्हा कापायचं आणि तीन हजारांहून जास्त चित्रपटगृहांसाठी प्रिंटा काढायच्या. इथवर आल्यावर पटकथा चांगली होती का, हा प्रश्न जवळजवळ गैरलागू होतो.

जवळजवळ म्हणतो, कारण बर्लिंजरची मूळ कल्पना टाकाऊ नव्हती. हा माणूस ब्रूस सिनॉफ्स्कीबरोबर ‘पॅराडाईज लॉस्ट’ (१९९६) करून आला होता. आर्कान्सामधल्या वेस्ट मेम्फिस गावात तीन लहान मुलांचा खून झाला आणि काळे कपडे घालणाऱ्या, मेटल संगीत ऐकणाऱ्या तीन पोरांवर सैतानपूजेचा ठपका ठेवून शिक्षा झाली, त्या खटल्यावरचा तो माहितीपट. समाज भीतीच्या भरात स्वतःच रचलेल्या गोष्टीवर कसा विश्वास ठेवतो, हे त्याने कोर्टात बसून पाहिलं होतं. म्हणून त्याच्या दुसऱ्या भागात पहिला चित्रपट हा चित्रपटच आहे. तो पाहून बर्किट्सव्हिल गावात पर्यटकांची रीघ लागली आहे. एक स्थानिक तरुण चौघांना जंगलाची सहल घडवतो. रात्री दारू, गांजा. सकाळी उठतात तर मधल्या काही तासांची आठवणच नाही, कॅमेरे फुटलेले, टेपा जमिनीत पुरलेल्या. त्याच जंगलात दुसरा एक गट मारलेला सापडतो. पाचही जण टेपा घेऊन त्या तरुणाच्या जुनाट कारखानावजा घरात बसतात आणि पाहू लागतात. त्यांना आठवतं एक, टेपवर दिसतं दुसरं. खून त्यांनीच केलेत का? चेटकिणीने त्यांच्याकडून करवून घेतले? की टेपच खोटी?

ही कल्पना कागदावर वाचताना अजूनही चांगली वाटते. आणि तिचा सगळा भार एकाच गोष्टीवर आहे, उत्तर शेवटपर्यंत रोखून धरणं. बर्लिंजरच्या मूळ रचनेत पोलिसांच्या चौकशीचा सुमारे आठ मिनिटांचा प्रसंग सलग, चित्रपटाच्या शेवटी होता. तिथे पहिल्यांदा टेप समोर ठेवली जाणार, पहिल्यांदा नट आणि प्रेक्षक दोघांना एकदमच धक्का बसणार.

स्टुडिओने तो प्रसंग तोडला आणि त्याचे तुकडे चित्रपटभर पेरले. शिवाय प्रदर्शनाच्या काही आठवडे आधी रक्तपाताचे तुकडे वेगळे चित्रित करून मध्ये घातले. सुरुवातीला जंगलावरून फिरणाऱ्या हेलिकॉप्टरच्या दृश्यांवर फ्रँक सिनात्राचं ‘विचक्राफ्ट’ वाजणार होतं; त्याजागी मॅरिलिन मॅन्सनचं गाणं आलं. हे बर्लिंजरने चित्रपटाच्या डीव्हीडीवरच्या भाष्यात स्वतः सांगितलं आहे. प्रत्येक बदल वेगळा तपासला तर त्यामागचा हिशोबही समजतो. भयपट आहे, पहिल्या वीस मिनिटांत रक्त नाही, तरुण प्रेक्षक कंटाळेल. गाणं जुनाट आहे, तरुण प्रेक्षक हसेल. सगळ्या सूचना तरुण प्रेक्षकाच्या नावाने आणि सगळ्या चुकीच्या.

नेमकं काय बिघडलं ते संकलनाच्या टेबलावर बसून बघावं. चौकशीचा पहिला तुकडा दहाव्या-पंधराव्या मिनिटाला दिसला की प्रेक्षकाला तीन गोष्टी फुकट कळतात. ही माणसं जिवंत राहणार आहेत. गुन्हा घडणार आहे. संशय त्यांच्यावरच येणार आहे. त्यानंतर जंगलातल्या रात्री कितीही पाचोळा वाजवा, प्रश्न ‘काय होईल’ असा उरतच नाही. ‘कसं झालं’ एवढाच उरतो, आणि तो गुप्तहेरकथेचा प्रश्न आहे. दुसरं असं, की भीतीचा प्रसंग चढायला सलग वेळ लागतो. माणूस दाराकडे बघतो, थांबतो, एक पाऊल टाकतो. त्याच्या मधोमध उजेडातल्या पोलिसी खोलीत जाऊन परत आलात, की चढलेलं सगळं उतरतं आणि परतल्यावर पहिल्या पायरीपासून सुरुवात. तिसरं नुकसान सर्वांत मोठं. रक्ताच्या त्या झटक्यांत सुरा कुणाच्या हातात आहे हे सूचित होतं. शेवटच्या आठ मिनिटांसाठी राखून ठेवलेली रक्कम पहिल्या अर्ध्या तासात चिल्लर करून वाटली गेली.

आणि गंमत अशी, की या चित्रपटाचं मुख्य सूत्रच आहे की चित्रित केलेल्या पुराव्याची जुळणी बदलली की सत्य बदलतं. निर्मात्यांनी ते पडद्याबाहेर सिद्ध करून दाखवलं.

तांत्रिक बाजूही कमी खर्चिक नव्हती. आज संगणकावर तुकडा सरकवला की सरकला. २००० मध्ये पडद्यावर जाणारी प्रत फिल्मवर होती. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी मिनिटाला ९० फूट जाते. नव्वद मिनिटांचा चित्रपट म्हणजे सुमारे ८,१०० फूट, प्रत्येकी दोन हजार फुटांच्या आतल्या पाचेक रिळांत वाटलेला. एकाच रिळात बदल केला तर त्या रिळाची निगेटिव्ह पुन्हा कापावी लागते, ध्वनिमिश्रण पुन्हा उघडावं लागतं, संगीताचा तुकडा जिथे बेतून बसवलेला असतो तो सरकतो. एकच प्रसंग तुकडे करून चित्रपटभर पेरला म्हणजे जवळपास सगळी रिळं उघडली. हा सगळा व्याप, शिवाय नवीन रक्तपाताचं चित्रीकरण, प्रदर्शनाला थोडे आठवडे उरलेले असताना.

त्या तुकड्यांची स्वतःची दुखणी वेगळी. मूळ चित्रीकरणानंतर महिन्यांनी घेतलेला दोन-तीन सेकंदांचा जवळचा शॉट कधीच पूर्णपणे जुळत नाही. नटाचा हात नसतो, दुसऱ्या कुणाचा असतो. प्रकाशाची दिशा अंदाजाने धरलेली असते. झाडांवर तेव्हा पानं वेगळी असतात, म्हणून मागे अंधार करून काम भागवलं जातं. पडद्यावरचं रक्त बनतं मक्याचा पाक, लाल खाद्यरंग आणि गडदपणासाठी थोड्या चॉकलेट सिरपमधून, ते एका प्रकाशात खरं आणि दुसऱ्यात सरबतासारखं दिसतं. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येत नाही. त्याला एवढंच जाणवतं, की हा तुकडा दुसऱ्या कुठल्या तरी चित्रपटातला आहे. ते खरंच असतं.

बर्लिंजरला पूर्ण निर्दोष सोडावं असं मात्र नाही. पहिल्या भागाचा करार होता, ‘हे सापडलेलं फुटेज आहे’. दुसऱ्याने पहिल्याच मिनिटांत तो करार फाडला. पहिला खोटा होता, हे सांगून पुन्हा त्याच चेटकिणीला भ्या म्हणणं अवघड. शिवाय चित्रीकरणाची पद्धत त्याने साफ बदलली. ३५ मिमीच्या गुळगुळीत दृश्यांत कॅमेरा कुणाच्याच हातातला नसतो, तो सर्वज्ञ असतो. त्याची मूळ जुळणी जशीच्या तशी आली असती तरी फार मोठा भयपट झाला असता असं मला वाटत नाही. एक विचित्र, थंड, प्रेक्षकावरच उलटणारा चित्रपट झाला असता, आणि कमाई कदाचित आणखी कमी झाली असती. पण तो कशाचा तरी झाला असता. जो आला तो दोन्ही घरचा पाहुणा होता.

प्रदर्शनातही तीच उलटापालट. पहिल्याला २७ चित्रपटगृहं आणि दोन आठवड्यांची कुजबुज. दुसऱ्याला एकाच शुक्रवारी तीन हजारांहून जास्त. अमेरिकेत पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत त्याने सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलर कमावले आणि तिथली एकूण कमाई थांबली २ कोटी ६४ लाखांवर. म्हणजे जवळपास निम्मी कमाई पहिल्या तीन दिवसांतच. इतक्या मोठ्या प्रदर्शनाचा हेतूच तो असतो, लोक एकमेकांशी बोलायच्या आत पैसे वसूल व्हावेत. पण या नावाची सगळी ताकद लोकांनी एकमेकांशी बोलण्यातच होती.

यावर निर्माते एक प्रतिवाद नेहमी करतात आणि तो हलका नाही. घाईने केलेले दुसरे भाग चालतातही. ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ घ्या. ओरेन पेलीने सॅन दिएगोमधल्या स्वतःच्या घरात सुमारे १५ हजार डॉलरमध्ये केलेला चित्रपट २००९ मध्ये सर्वत्र लागला आणि जगभरात १९ कोटींच्या वर गेला. दुसरा भाग एका वर्षात, २०१० मध्ये, सुमारे ३० लाख डॉलरमध्ये दुसऱ्या दिग्दर्शकाने केला, आणि कमाई १७ कोटी ७० लाखांच्या आसपास. मग ‘ब्लेअर विच २’ला घाई का नडली आणि याला का नाही?

कारण इथे नियम कुणीतरी नीट ओळखला होता. तिपाईवर ठेवलेला कॅमेरा, न हलणारी चौकट, कोपऱ्यात घड्याळाचे आकडे आणि त्या चौकटीत आपणच काहीतरी हलतंय का ते शोधायचं. दुसऱ्या भागाने हे सगळं ठेवलं आणि फक्त एक गोष्ट वाढवली. घरात चोरी झाल्यासारखा प्रकार होतो म्हणून भिंतींवर अनेक सुरक्षा कॅमेरे लागतात. प्रेक्षकाला आता एक नाही, अनेक चौकटी तपासाव्या लागतात. वाढवलेला पैसा नियम मोडायला न लावता नियमाच्याच कामाला लावला. चित्रपट थोर नाही. पण फसवणूक झाल्याची भावना घेऊन कुणी बाहेर पडलं नाही. सॅम रेमीने ‘ईव्हिल डेड २’ (१९८७) मध्ये याच्या उलट केलं. पहिला भाग सुरुवातीच्या काही मिनिटांत उरकून टाकला आणि बाकी सगळा चित्रपट विनोदाकडे वळवला. नियम मोडला, पण तो ज्याने घातला त्यानेच, सहा वर्षं थांबून, समजून मोडला.

नियम ओळखायचा म्हणजे पहिल्यातल्या खुणा गोळा करायच्या नव्हेत, हे २०१६ च्या ‘ब्लेअर विच’ने दाखवलं. ‘द वुड्स’ या टोपणनावाखाली गुपचूप बनलेला, सुमारे ५० लाख डॉलरचा चित्रपट. हातातले कॅमेरे परत आले, कानाला लावायचे छोटे कॅमेरे आले, ड्रोन आला. काड्यांच्या बाहुल्या, तंबू, पडकं घर, सगळं यादीप्रमाणे. कमाई साडेचार कोटींच्या आसपास, म्हणजे २००० च्या भागापेक्षाही थोडी कमी. कारण या वेळी नटांना पुढच्या पानावर काय आहे हे माहीत होतं. अज्ञान गेलं होतं, कॅमेऱ्याची थरथर तेवढी उरली होती. आणि पहिल्याने जे कधीच दाखवलं नाही ते यात झलकीझलकीने दिसतं. दिसल्यावर भीती मोजता येते. मोजता आली की संपते.

हा आजार भारताबाहेरचाच आहे असं समजायचं कारण नाही. रामसे बंधूंनी १९७२ मध्ये ‘दो गज ज़मीन के नीचे’ महाबळेश्वरला, लहानशा पथकासह, अगदी थोडक्या पैशात केला. धुकं फुकट, जुना बंगला भाड्याने. १९८४ चा ‘पुराना मंदिर’ जोरात चालल्यावर त्यातल्या सामरी या राक्षसाचं नाव घेऊन पुढच्याच वर्षी त्रिमितीत ‘सामरी’ आला. तो कथेने दुसरा भाग नव्हता, चेहरा आणि नाव तेवढं तेच होतं. म्हणजे विकायचं काय हे आधी ठरलं आणि गोष्ट मागून आली.

मराठी प्रेक्षकाला जवळचं उदाहरण ‘लपाछपी’चं. विशाल फुरिया यांचा हा चित्रपट २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आला. गरोदर बाई, निर्जन घर, चारी बाजूंनी ऊस. या उसाइतका स्वस्त आणि इतकं काम करणारा सेट मराठी पडद्याला क्वचितच मिळाला असेल. ऊस माणसापेक्षा उंच, नजर हातभरापलीकडे जात नाही, प्रत्येक सरी दुसरीसारखी, आणि वाळलेल्या पानांचा आवाज कुठून येतो ते कधीच कळत नाही. अशा सेटची एकच अट असते, तोडणी सुरू व्हायच्या आत काम उरकायचं, नाहीतर कारखान्याची टोळी सेटच कापून नेते. स्त्रीभ्रूणहत्येचा विषय त्या जागेत इतका मुरला होता की भाषण कमी लागलं. याच दिग्दर्शकाने त्याचा हिंदी ‘छोरी’ (२०२१) केला, तो थेट ओटीटीवर आला आणि बऱ्यापैकी टिकला.

मग एप्रिल २०२५ मध्ये ‘छोरी २’. इथे घाईचा दोष देता येत नाही; मध्ये सव्वातीन वर्षांहून जास्त गेली होती, दिग्दर्शकही तोच होता. तरी निराशा झाली, आणि कारण तेच वाटतं. गोष्ट उसातून निघून बरीचशी जमिनीखालच्या भुयारांत शिरली. भुयार बांधलेलं दिसतं. कुणीतरी ते आखलंय, रंगवलंय, मशाली लावल्यात, हे डोळ्याला कळतं. ऊस कुणी आखलेला नव्हता. शिवाय पहिल्यात अंधश्रद्धा माणसांच्या तोंडी होती. दुसऱ्यात तिला वंशावळ, अधिकारी आणि विधी मिळाले. जितकी व्यवस्था जास्त, तितकी भीती कमी. हे मत कुणाला कठोर वाटेल, पण बालविवाहासारखा धारदार विषय हातात असताना तो त्या पौराणिक पसाऱ्याखाली दबला, ही तक्रार भयपट न आवडणाऱ्यांचीही आहे.

मराठीत पुढची काही वर्षं स्वस्त भयपट येत राहणार. तारे लागत नाहीत, चार नट आणि एक वाडा पुरतो, ओटीटीला भाषेची अडचण कमी. त्यांतला एखादा चालला की दुसऱ्या भागासाठी पैसा येईल. तेव्हा खर्चाच्या वहीत काही गोष्टी उलट क्रमाने लिहाव्या लागतील.

सगळ्यांत आधी आवाज. छोट्या मराठी चित्रपटात ध्वनीचं काम शेवटी येतं, उरलेल्या पैशात आणि उरलेल्या दिवसांत. चित्रीकरणाचे पंचवीस दिवस आणि मिश्रणाला पाच, हे प्रमाण भयपटाला मारक आहे. चित्रीकरणाच्या जागेवर प्रत्येक खोलीचा निव्वळ शांततेचा आवाज किमान मिनिटभर, पथकाला गप्प उभं करून, मुद्रित करून घ्यावा. त्याला दमडी लागत नाही. तो नसला की संकलनात दोन संवादांमधली पोकळी ऐकू येते, मग ती झाकायला संगीत येतं, संगीत आलं की प्रेक्षकाला ‘आता घाबरायचं आहे’ अशी आगाऊ सूचना मिळते. शांततेवर शांतता जोडता आली, तर एक करकर पुरते.

दुसरं, रात्रपाळी. रात्रीचं चित्रीकरण म्हणजे जनरेटर, जास्तीचे लाईटमन, दुप्पट चहा-जेवण आणि पहाटे तीननंतर निम्म्यावर येणारा कामाचा वेग. म्हणून निर्माते दुसऱ्या भागात सेटवर जातात. तिथे दिवसाही रात्र करता येते. ती रात्र सगळीकडे सारखी उजळलेली असते. त्यापेक्षा रात्री कमी ठेवाव्यात, पण खऱ्या ठेवाव्यात, आणि संध्याकाळच्या उजेडाची वीस-पंचवीस मिनिटं रोज राखून त्यात एकच शॉट घ्यावा. आठवडाभरात सहा-सात चांगले शॉट जमतात.

तिसरं, चाचणी-खेळ. तो घ्यावाच, पण पहिला भाग न पाहिलेल्या माणसांसमोर घ्यावा. पहिला पाहिलेले लोक पहिलंच मागतात, अजून भूत, अजून रक्त, अजून उत्तरं. आणि खेळानंतर ‘काय आवडलं नाही’ असा कागद वाटण्याऐवजी पडद्याजवळ एक कॅमेरा लावून प्रेक्षकांचे चेहरे टिपावेत. कोणत्या मिनिटाला लोक मोबाईल काढतात हे त्यांच्या मतांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. बहुतेकदा त्या मिनिटाला रक्त कमी पडलेलं नसतं. कुणीतरी कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत असतं.

आणि करार. दिग्दर्शकाने मानधनावर घासाघीस करण्याआधी दोन कलमं मागावीत. प्रदर्शनाची तारीख चित्राची जुळणी पक्की झाल्यावरच जाहीर होईल. आणि जुळणी पक्की झाल्यावर नवा शॉट घालायचा असेल तर तो मूळ छायाचित्रणकाराच्याच हातून आणि संकलकाच्या लेखी होकाराने घातला जाईल. दुसरं कलम वितरक हसत मान्य करतील. पहिल्यावर वाटाघाट अडेल. तिथे उठून जायची तयारी नसेल, तर पटकथेवरचं काम पुढे चालू ठेवण्यात फारसा अर्थ नाही.